उद्घाटन झालं, पण तिसऱ्या वर्षी काय?

जालना जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. मग इथे बसून आपण विमानसेवेचा इतिहास कशाला सांगतोय, असं कुणी विचारेल. पण जालनेकर विमान पकडतो ते चिकलठाण्याला, आणि त्या विमानतळासमोरच्या रस्त्याचं नावच जालना रोड आहे! म्हणून ही गोष्ट आपलीसुद्धा आहे.

१९८१ साल घ्या. जानेवारीत एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून ‘वायुदूत’ काढली, ती ईशान्य भारतातल्या लहान ठिकाणांसाठी. पुढे ती देशभर पसरली. त्याच वर्षी १ मे रोजी जालना वेगळा जिल्हा झाला. जिल्हा टिकला. तोट्यातली वायुदूत मात्र १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

दुसरी गोष्ट ‘ट्रूजेट’ची. हैदराबादची ही छोटी कंपनी २०१५ मध्ये सुरू झाली. विमानं एटीआर ७२, म्हणजे पंख्याची, साधारण सत्तर आसनांची. कमी अंतरावर ती जेटपेक्षा कमी इंधन खातात. तेव्हाच्या औरंगाबादहून, आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, ती हैदराबादला जायची. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेचा प्रारंभ झाला, त्यात नांदेड–हैदराबाद हा ट्रूजेटचा मार्ग होता.

उडानचं गणित सोपं होतं. सुमारे तासाभराच्या प्रवासाला ठरावीक आसनांवर अडीच हजारांची भाडेमर्यादा, आणि कंपनीची तूट भरायला तीन वर्षं सरकारी मदत. पण मूठभर विमानांच्या कंपनीत एक विमान दुरुस्तीला गेलं की सगळं वेळापत्रक कोलमडतं. त्यात २०२० मध्ये कोरोनामुळे देशांतर्गत उड्डाणं दोन महिने बंद राहिली. विमान उभं असलं तरी भाडं, पगार, देखभाल चालूच! फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रूजेट थांबली.

आता आपल्या रेल्वेकडे बघा. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, जालन्याला रूळ आले आणि ते आजही आहेत. रेल्वेत एका स्टेशनचा तोटा सगळी लाइन उचलते. छोट्या विमान कंपनीत प्रत्येक मार्गाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं, नाहीतर कुणीतरी ते ओझं कायमचं उचलावं लागतं.

आपण मराठवाड्यातली माणसं उद्घाटनाला टाळ्या वाजवतो, आणि त्यात काही चूक नाही. पण पुढच्या वेळी एक प्रश्न जरूर विचारू या : मदत संपल्यावर, तिसऱ्या वर्षानंतर, हे विमान कोणाच्या पैशावर उडणार?