ठिणगी साराजेव्होत, वणवा जगभर

बोस्नियातील साराजेव्हो येथे २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याची हत्या झाली. बरोबर एका महिन्याने ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारले. मुळात हा बाल्कन प्रदेशातील तंटा. तरीही पुढील चार वर्षांत जपान, सयाम, ब्राझील यांसारखे दूरचे देश त्यात ओढले गेले, मद्रासवर तोफगोळे पडले आणि पुण्याचे नाव धारण करणारी लष्करी डिव्हिजन टायग्रिस नदीकाठी शरण गेली. एका प्रादेशिक संघर्षाचे 'महायुद्ध' कसे झाले, याची कारणे देशागणिक निराळी आहेत.

करारांची साखळी

सर्बियाच्या पाठीशी रशिया, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी आणि रशियाशी करारबद्ध असलेला फ्रान्स अशी ही साखळी होती. जर्मनीने १ ऑगस्टला रशियाविरुद्ध आणि ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९ च्या तहावर ब्रिटनचीही स्वाक्षरी असल्याने तोही रणांगणात उतरला. मात्र केवळ करार होता म्हणून प्रत्येक देश लढला, असे म्हणता येत नाही. जर्मनी व ऑस्ट्रियाशी मैत्रीकरार असलेला इटली १९१४ मध्ये तटस्थ राहिला आणि प्रदेशप्राप्तीचे आश्वासन मिळताच १९१५ मध्ये विरुद्ध बाजूने लढू लागला.

संधीचा शोध

जपानचा ब्रिटनशी १९०२ पासून मैत्रीकरार होता. त्याचा आधार घेऊन जपानने २३ ऑगस्ट १९१४ रोजी युद्ध पुकारले आणि नोव्हेंबरमध्ये चीनमधील त्सिंगताव हे जर्मनीच्या ताब्यातील बंदर जिंकले. युरोपातील सत्ता परस्परांशी झुंजत असताना आशियात हातपाय पसरण्याची ही संधी होती. तुर्कस्तानने जर्मनीशी गुप्त करार केला होता. तुर्कस्तानसाठी बांधलेल्या दोन युद्धनौका ब्रिटनने ताब्यात घेतल्याने तेथील जनमतही प्रक्षुब्ध झाले होते. ऑक्टोबरअखेर तुर्की आरमाराने काळ्या समुद्रातील रशियन बंदरांवर हल्ला चढवला आणि युद्ध पश्चिम आशियात पोहोचले.

समुद्रमार्गे आलेले युद्ध

तटस्थ राहू पाहणाऱ्यांनाही समुद्राने सोडले नाही. 'लुसिटानिया' हे ब्रिटिश प्रवासी जहाज मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवले. मृतांत १२८ अमेरिकन होते. तरीही अमेरिका लगेच युद्धात उतरली नाही. जर्मनीने फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांचे अनिर्बंध हल्ले सुरू केले. त्याच सुमारास मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध फूस लावणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार उघडकीस आली. अखेर ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने युद्ध जाहीर केले. व्यापारी जहाजे बुडवली गेल्याने ब्राझीलनेही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीच वाट धरली. पोर्तुगालने आपल्या बंदरांतील जर्मन जहाजे जप्त करताच मार्च १९१६ मध्ये जर्मनीने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारले. पोर्तुगीज अमलाखालील गोवाही अशा रीतीने युद्धमान राष्ट्राचा भाग ठरला.

तहाच्या बैठकीतील जागा

सयामने जुलै १९१७ मध्ये, तर चीनने ऑगस्टमध्ये युद्ध जाहीर केले. विजेत्यांच्या पंक्तीत बसून परकीयांनी लादलेले विषम तह बदलून घ्यावेत, ही दोघांचीही अपेक्षा होती. सयामला पुढील काळात त्यात यश आले. चीनच्या पदरी मात्र निराशा पडली. युरोपातील आघाडीमागे राबण्यासाठी एक लाखाहून अधिक चिनी मजूर गेले. असे असूनही शांतता परिषदेत शांतुंगमधील जर्मन हक्क जपानला देण्यात आले. त्याविरोधात ४ मे १९१९ रोजी पेकिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चीनने व्हर्सायच्या तहावर सही करण्यास नकार दिला.

न विचारता लादलेले युद्ध

वसाहतींना निवडीचा प्रश्नच नव्हता. ब्रिटनने युद्ध पुकारताच हिंदुस्थानही त्यात गोवला गेला. येथील जनतेला कोणी विचारले नाही. 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रासच्या बंदरावर तोफा डागल्या, तेव्हा युद्ध थेट दारात आले. नोव्हेंबरमध्ये सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, उतरली. इराणी तेलाचे रक्षण हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. कुट-अल-अमारा येथे सुमारे पाच महिने वेढा सोसल्यानंतर, अन्न संपल्याने २९ एप्रिल १९१६ रोजी या फौजेने शरणागती पत्करली. कैदेत गेलेल्यांपैकी हजारो जण परतले नाहीत. संपूर्ण युद्धात परदेशी गेलेल्या हिंदी सैनिक व मजुरांची संख्या दहा लाखांहून अधिक होती.

युद्धातील साहाय्याच्या बदल्यात स्वराज्याचे हक्क मिळतील, अशी आशा लोकमान्य टिळकांसह अनेक नेत्यांना होती. प्रत्यक्षात १९१९ मध्ये रौलट कायदा आला. त्यामुळेच ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी पुन्हा परस्पर हिंदुस्थान युद्धात असल्याचे घोषित केले, तेव्हा मुंबईसह विविध प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. पंचवीस वर्षांपूर्वी न विचारला गेलेला प्रश्न या वेळी उघडपणे विचारला गेला: युद्ध स्वातंत्र्यासाठी असेल, तर ते स्वातंत्र्य हिंदुस्थानला का नाही?