तात्कालिक गती
तात्कालिक गती : ग्रहाची विवक्षित क्षणाची गती. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) सिद्धांतशिरोमणि (११५०) या ग्रंथात तिचे विवेचन केले आहे. त्यांचे विज्जडविड हे गाव म्हणजे बीड, असे काही अभ्यासक मानतात. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखावरून इतरांचा कल त्या परिसराकडे आहे.

ग्रहाचे स्पष्ट स्थान मध्यम स्थानाच्या मागेपुढे आंदोलित होते. हा फरक, म्हणजे मंदफल, केंद्राच्या ज्येप्रमाणे, तर त्याचा क्षणिक बदल कोटिज्येप्रमाणे असतो. म्हणून मंदफल महत्तम असता गतिफल शून्य होते. कोटिज्येचा असा उपयोग दहाव्या शतकात मुंजाल यांनीही केला होता. मात्र कोणत्याही फलनास लागू पडणारी सर्वसाधारण रीत सतराव्या शतकात न्यूटन व लायप्निट्स यांनी दिली. त्यामुळे भास्कराचार्यांना कलनाचे जनक न म्हणता पूर्वसूरी म्हणणे सयुक्तिक ठरते.