निर्वातमापकाने इंजिन-निदान

कार्ब्युरेटरवर चालणारे जुने पेट्रोल इंजिन मंदगतीत अडखळू लागले आणि त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमधला निर्वात नेहमीपेक्षा कमी भरू लागला, तर या दोन लक्षणांवरून बिघाडाचे मूळ शोधण्याची रीत. अडखळण्याला गॅरेजच्या बोलीत ‘मिसिंग’ म्हणतात, मापकाला ‘व्हॅक्यूम गेज’. प्रीमियर पद्मिनी, पेट्रोलवरची महिंद्र जीप आणि इंजेक्शन येण्यापूर्वीची मारुती ८०० ही मराठी मुलखाच्या ओळखीची या जातीची इंजिने. गाडी मिसिंग करू लागली की मिस्त्रीचा पहिला हात कार्ब्युरेटरकडे जातो. तो वरच बसलेला असतो, दोन-चार नट सोडले की हातात येतो आणि धुतलेला जेट गिऱ्हाइकाला दाखवता येतो. प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन असे, की निर्वात कमी असताना कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी उघडावा. चोरवाटेने शिरणारी हवा, ठिणगी आणि व्हॉल्व्ह यांची झडती त्याआधी व्हावी.

यामागचे कारण निर्वात कसा तयार होतो यात आहे. पिस्टन खाली उतरताना हवा ओढतो, पण मंदगतीत थ्रॉटलची पाकळी जवळपास मिटलेली असते. ओढ मोठी आणि वाट अरुंद, म्हणून पाकळीखाली दाब घटतो. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे ३० इंच पारा असतो. निरोगी चार-सिलिंडर इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये तो त्याहून १७ ते २१ इंचांनी (४३० ते ५३० मिमी) कमी भरतो. हा आकडा कोणत्याही एका भागाची तब्येत सांगत नाही. मंदगतीला स्वतःचे ओझे पेलायला इंजिन किती हवा मागते, त्याचा तो हिशेब आहे. ठिणगी उशिरा पडली, व्हॉल्व्हमधून दाब गळाला किंवा एखादा सिलिंडर मेला, तर तेवढ्याच फेऱ्यांसाठी जास्त मिश्रण जाळावे लागते. मग इंजिन बंद पडू नये म्हणून कोणीतरी आयडलचा स्क्रू पिळतो, पाकळी आणखी उघडते, वाट रुंद होते आणि काटा उतरतो. कार्ब्युरेटरचा आयडल जेट पेट्रोल उचलतो तो पाकळीखालच्या याच ओढीवर. ओढ मंदावली की त्याचे मोजमाप चुकते. म्हणून दोष दुसरीकडे असला तरी दिसतो कार्ब्युरेटरमध्ये, आणि धुऊन बसवलेली गाडी आठवड्याने परत दारात उभी राहते.

आकडा वाचताना पहिली चूक होते ती जागेची. मॅन्युअलमधले आकडे समुद्रसपाटीचे असतात, आणि दर ३०० मीटर उंचीला वाचन साधारण एक इंचाने उतरते. बालाघाट जिल्ह्यातले चंदन नदीकाठचे रामपायली हे गाव सुमारे ३०० मीटर उंचीच्या टापूत आहे. मुंबईत १९ इंच दाखवणारे इंजिन तिथे १८ च दाखवेल आणि त्यात काही बिघडलेले नसेल. पुण्यात तेच सतराच्या आसपास येईल, महाबळेश्वरला चौदा-पंधरावर. मुंबईच्या गॅरेजात हात बसलेला मिस्त्री रामपायलीच्या या टापूत, गोंदिया-वाराशिवनीकडे आला आणि हरवलेला एक इंच शोधत बसला, तर तो हवेलाच दुरुस्त करू पाहतो आहे. यावर आक्षेप निघेल, की एका इंचाने काय बिघडते? एरवी काही नाही. पण ठिणगी किंचित उशिरा पडत असेल तर काटा नेमका दोन-तीन इंचांनीच खाली येतो; जागेचा एक इंच वजा केला नाही, तर खोटा दोष सापडतो किंवा खरा निसटतो. उत्तम उपाय म्हणजे त्याच गावात, इंजिन पूर्ण तापलेले आणि चांगले चालत असताना वाचन घेऊन बॉनेटच्या आत रंगाने लिहून ठेवणे. पुढे तुलना त्या आकड्याशी करावी, छापील आकड्याशी नव्हे.

आकड्यापेक्षा काट्याची चाल जास्त बोलते. पद्मिनीचे उदाहरण घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० ची जी नवी आवृत्ती बनू लागली, तीच १९७० च्या दशकात पद्मिनी झाली. इंजिन १,०८९ घन सेंमी, चार सिलिंडर, प्रज्वलनक्रम १-३-४-२. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर त्याचा प्रत्येक सिलिंडर ४०० वेळा पेटतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. एखादा व्हॉल्व्ह जळला असेल तर काटा त्याच ठेक्यात नेमाने दचकतो. व्हॉल्व्ह अधूनमधून अडकत असेल तर दचका येतो, पण ठेका नसतो. गाइड झिजले असतील तर मंदगतीत काटा भरभर थरथरतो आणि रेस वाढवली की स्थिरावतो; स्प्रिंग ढिल्या असतील तर नेमके उलटे, रेस वाढवताच काटा मोठे हेलकावे घेऊ लागतो. शेजारच्या दोन सिलिंडरांमधले हेड पॅकिंग फुटले तर झोका मोठा आणि नियमित असतो. काटा खाली पण अगदी निश्चल असेल, तर दोष एका सिलिंडरचा नसून सगळ्यांचा सामाईक आहे: उशिराची ठिणगी, चुकलेले व्हॉल्व्ह टायमिंग, नाहीतर कार्ब्युरेटरच्या बुडाशी हवेची गळती. सुरुवातीला वाचन ठीक, पण इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरले असता काटा हळूहळू शून्याकडे घसरत असेल, तर सायलेन्सर तुंबलेला असतो. हा शेवटचा दोष कार्ब्युरेटरवर सर्वाधिक वेळा ढकलला जातो, कारण गाडी ‘ओढत नाही’ एवढीच तक्रार येते.

गळती शोधताना इंजिनाची घडण माहीत हवी. महिंद्रने वापरलेल्या विलीज घराण्यातल्या २.२ लिटर हरिकेन इंजिनात इनटेकचा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्टचा खाली ब्लॉकमध्ये असतो, आणि इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली असते. तिथे इनटेक मॅनिफोल्डचे पॅकिंग शोधत बसणे व्यर्थ, कारण ते नाहीच. कार्ब्युरेटरचे बूड, थ्रॉटलच्या दांडीची झिजलेली भोके आणि निर्वातावर चालणाऱ्या नळ्या एवढीच हवेची दारे. जुन्या काही जीपांचा वायपरही निर्वातावर चाले. त्याची तडकलेली नळी भर उन्हाळ्यात इंजिन अडखळवू शकते आणि पावसाळ्यापर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. इतर गाड्यांत ब्रेक बूस्टरची नळी, डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सचा फाटका पडदा आणि क्रँककेसचा वायू परत नेणारी नळी तपासावी. एकेक नळी चिमट्याने दाबताना काटा वर उडाला की दार सापडले. सांध्यांवर पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारून फेऱ्या बदलतात का ते पाहण्याची पद्धत सर्रास आहे. ती काम देते आणि आगही लावते. साबणाचे पाणी किंवा जाड ऑइल बोटाने लावले तरी तेच कळते. तापलेल्या बिडाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर मात्र पाण्याची धार पडू देऊ नये, तो तडकतो. कार्ब्युरेटर खोलून बसवताना नट एका बाजूने जास्त आवळले की फ्लँज वाकते, आणि आधी नसलेली गळती दुरुस्तीतूनच जन्माला येते. कार्ब्युरेटर शेवटी उघडा म्हणण्याला हे एकच कारणही पुरेसे झाले असते.

या मताला सर्वांत वजनदार आक्षेप असा, की कार्ब्युरेटर खरोखरच बिघडतो, आणि आता पूर्वीपेक्षा जास्त. हे खरे आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट. जुन्या कार्ब्युरेटरचा जेट ठरलेल्या भोकाचा. त्याला इंधन बदलल्याचे कळत नाही, म्हणून मिश्रण आपोआप हवेने पातळ होते. शिवाय इथेनॉल पाणी धरतो आणि जुन्या काळची रबरे व बुचाची पॅकिंगे खराब करतो. बालाघाट-गोंदियाच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात, गाडी थांबवल्यावर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उकळून पुन्हा चालू करताना मिसिंग होते, तेही कार्ब्युरेटरपाशीच. पण या तिन्ही गोष्टींची खूण वेगळी आहे. मिश्रणाचा दोष असेल तर काटा सावकाश, तीन-चार इंचांच्या टप्प्यात तरंगतो, ठेक्यात दचकत नाही. चोक थोडा ओढल्यावर इंजिन सुधारले तर मिश्रण पातळ आहे. ते पेट्रोल कमी पडल्याने की हवा जास्त शिरल्याने, हे चोक सांगत नाही. ते नळ्या दाबूनच ठरते. उन्हाने झालेले मिसिंग इंजिन निवल्यावर आपणच जाते. म्हणजे आक्षेपाने क्रम मोडत नाही, उलट मापक लावण्याची गरज वाढते.

दुसरा आक्षेप अनुभवी कानाचा. मुरलेला मिस्त्री आवाजावरून सिलिंडर सांगतो, हे कोणी नाकारू नये. पण कानाला घडलेले मिसिंग कळते, त्याचे कारण कळतेच असे नाही, आणि टॅपेटच्या बाबतीत तर कान फसवतो. टॅपेट वाजत नाहीत म्हणजे गाडी ठीक, असा समज आहे. शिसेयुक्त पेट्रोल भारतात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाले; त्या शिशाचा थर मऊ बिडाच्या व्हॉल्व्ह-सीटना जपत असे. तो गेल्यावर अशी सीट असलेल्या इंजिनांत ती झिजते, व्हॉल्व्ह तिच्यात खोल बसू लागतो, टॅपेटमधली फट मिटते आणि इंजिन पूर्वीपेक्षा शांत वाजू लागते. फट पुरती मिटली की व्हॉल्व्ह बसत नाही, दाब गळतो, कड जळते. कान खूश आणि काटा दचकतो आहे अशी ही अवस्था. म्हणून टायमिंगला हात लावण्याआधी टॅपेट फीलर गेजने मोजावे.

कॉम्प्रेशन टेस्ट असताना मापक कशाला, असेही विचारले जाते. ती चाचणी इंजिन स्टार्टरवर फिरवून घेतात. तिला रिंग आणि व्हॉल्व्ह दिसतात, पण टायमिंग, मॅनिफोल्डची गळती आणि तुंबलेला सायलेन्सर दिसत नाही. दोन्ही चाचण्या एकमेकींना पुरवणी आहेत: मापकाने शंका घ्यावी, प्लगच्या वायरी एकेक सोडून (सोडलेले टोक बॉडीला टेकवून) कोणत्या सिलिंडरने काटा हलत नाही ते पाहावे, आणि कॉम्प्रेशन फक्त त्याचे आणि शेजाऱ्याचे मोजावे. पॉइंटची फट साधारण ०.४ ते ०.५ मिमी ठेवून डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवला की काटा चढतो. कमाल वाचनावर मात्र तो बांधू नये. तिथून एक इंच मागे घ्यावा, नाहीतर चढावर इंजिन ठोकते.

मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांच्या मर्यादेने तिची जात ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहराच्या टॅक्सीव्यवसायातून उठली. आता ही इंजिने हौशी लोकांकडे आणि लहान गावांत उरली आहेत, जिथे सुटा भाग मिळणे अवघड आणि चुकीने खोललेला कार्ब्युरेटर परत जुळवणे त्याहून अवघड. रामपायलीच्या उंचीवर तापलेल्या इंजिनाचा काटा १८ इंचांवर निश्चल उभा असेल, तर मिश्रणाच्या स्क्रूला हात लावू नये.