धारवाडच्या शाळेचे दार आणि पारगावचा उसाचा फड

आंबेगाव तालुक्यातले पारगाव म्हटले की घोडनदीकाठचा ऊस आणि भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आठवतो. दिवाळीच्या आसपास या पट्ट्यात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. पण कोयत्यासोबत लेकरेही येतात, त्यांची मोजणी उचलीच्या हिशेबात होत नाही. शाळेच्या पटावर तरी होते का? हा प्रश्न आम्ही विचारतो तेव्हा लोक म्हणतात, "हा गरिबीचा प्रश्न आहे, यात कायदा कुठून आला?" म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

जून १८५६. आपला जुन्नर-आंबेगावचा मुलूख ज्या मुंबई इलाख्यात होता, त्याच इलाख्यातल्या धारवाडमध्ये एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. दोनच वर्षांपूर्वी, १८५४ साली, वुडच्या खलित्याने शिक्षण सामान्य जनतेपर्यंत नेण्याचे धोरण जाहीर केले होते. तरी प्रवेश नाकारला गेला. मुंबई सरकारचे उत्तर काय होते? न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. पण एकट्यादुकट्यासाठी जुन्या समजुतींना हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल, असे कारण पुढे केले. म्हणजे हक्क मान्य, प्रवेश अमान्य! १८५८ साली लंडनहून कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांसाठी खुल्या असल्याचे बजावले. पण कागद खुला झाला, दार नाही. सायमन कमिशनपुढे १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन देताना बाबासाहेबांनी हे धारवाड प्रकरण मुद्दाम मांडले, ते उगाच नाही.

आमच्या तालुक्यांचा या इतिहासाशी आणखी जवळचा संबंध आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात लोक घरदार सोडून निघाले, तेव्हा सावित्रीमाई जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला मदतकार्यात होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना तिथूनच पत्र लिहिले. पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसांचे हाल त्यांनी आपल्याच मातीत पाहिले. पुढे १८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे मागणी केली की किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्यांच्या वाट्याला जातो, हा त्यांचा सवाल होता.

७ नोव्हेंबर १९०० रोजी लहानग्या भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. दार उघडले, पण बसायला गोणपाट आणि पाण्याला हात लावायची बंदी! ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यात पाणवठ्यांबरोबर सरकारी शाळांचाही उल्लेख होता. महाडच्या तळ्यापर्यंत त्या ठरावाचे पाणी पोहोचायला १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. कायदा आपोआप चालत नाही, त्याला चालवणारी माणसे लागतात.

संविधानाच्या कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगितले. ते मूलभूत हक्क म्हणून कलम २१-क मध्ये यायला २००२ ची घटनादुरुस्ती लागली, आणि शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावा लागला. जोतीरावांच्या मागणीनंतर तब्बल १२८ वर्षे!

आता पारगावकडे परत येऊ. या कायद्याचे कलम ९ स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा प्रवेश निश्चित करण्याचे कर्तव्य थेट स्थानिक प्राधिकरणावर टाकते. कलम ५ सांगते की दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून परत पाठवता येत नाही. कलम १५ नुसार वर्षाच्या मध्येच आला म्हणूनही नाही. मग ऊसतोड मजुराचे लेकरू फडात वाढे गोळा करत असेल, किंवा कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत असेल, तर तो फक्त गरिबीचा प्रश्न कसा? तो कायदाभंग आहे. "चार महिन्यांसाठी कशाला नाव घालता?" हे उत्तर आणि १८५६ चे उत्तर यांत फरक काय? हक्क मान्य, प्रवेश अमान्य!

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आमचे भांडण शाळेतल्या गुरुजींशी नाही. दोन-तीन वर्ग एकट्याने सांभाळणारा शिक्षक आमचा शत्रू नव्हे. जबाबदारी त्याला पुरेसे हात न देणाऱ्या यंत्रणेची आहे.

आणि लढले की कायदा जिंकतो, याचा ताजा दाखला आहे. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना वंचित व दुर्बल घटकांच्या २५ टक्के जागांतून सूट दिली. पालक व संघटना न्यायालयात गेल्या. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. गप्प बसलो असतो तर?

कार्यकर्त्यांनो, ७ नोव्हेंबरला आपण विद्यार्थी दिवस साजरा करतो. त्याच सुमारास टोळ्या येतात. यंदा प्रतिमेला हार घातल्यावर वही-पेन घेऊन कोप्यांवर जा. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाचे नाव लिहा आणि पालकांना सोबत घेऊन जवळच्या शाळेत जा. प्रवेश नाकारला तर कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय द्यावा असे कायदा सांगतो. पण गाळप हंगाम तीन महिने थांबत नाही, म्हणून तक्रार पहिल्याच आठवड्यात करा.

धारवाडच्या त्या मुलाजवळ फक्त एक अर्ज होता. आपल्याजवळ संविधान आहे. तरीही दार बंद राहिले, तर दोष कोणाचा?

जय भीम! जय जोती! जय सावित्री!