मॉडेल ग्रामीण आरोग्य संशोधन युनिट: रुग्णांचे हक्क

योजना काय आहे?
केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाच्या या योजनेत सरकारी ग्रामीण आरोग्य संस्था, वैद्यकीय महाविद्यालय आणि आयसीएमआरची संस्था एकत्र काम करतात. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे असे युनिट आहे. त्याला मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे मार्गदर्शन मिळते.

उद्देश
गावातील आजारांचा अभ्यास गावातच व्हावा आणि त्याचा उपयोग सरकारी दवाखान्यातील उपचारांत व्हावा.

संशोधनासाठी विचारणा झाल्यास आपले हक्क
• संपूर्ण माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे.
• सहभाग ऐच्छिक आहे. नकार दिला तरी नेहमीचे उपचार सुरूच राहतात.
• मध्येच कधीही बाहेर पडता येते.
• वाचता येत नसल्यास निःपक्ष साक्षीदारासमोर माहिती वाचून दाखवल्यावरच अंगठा घ्यावा लागतो.
• माहितीपत्रक व संमतीपत्राची प्रत मागून घ्या.
• संशोधनामुळे इजा झाल्यास मोफत उपचार मिळतात.

तक्रार कोठे करावी?
माहितीपत्रकावर दिलेल्या नैतिकता समितीच्या संपर्कावर.

लक्षात ठेवा
रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड किंवा कोणत्याही योजनेच्या लाभासाठी संशोधनात भाग घेणे बंधनकारक नाही.