अपूर्णांक ‘व्हल्गर’ कसा झाला?

जुन्या इंग्रजी अंकगणितांत ३/४, ५/८ अशा संख्यांना ‘व्हल्गर फ्रॅक्शन’ म्हटलेले आढळते. आज ‘व्हल्गर’ म्हणजे असभ्य. मग बिचाऱ्या पाऊणमध्ये असभ्य ते काय?

लॅटिनमध्ये ‘व्हल्गस’ म्हणजे सामान्य लोक. त्यांच्या वापरातले ते ‘व्हल्गर’. युरोपातले खगोलज्ञ बाबिलोनहून चालत आलेल्या रीतीने वर्तुळाच्या अंशाचे ६० भाग, त्या प्रत्येकाचे पुन्हा ६० भाग करून गणित मांडत. बाजारात मात्र पाव, अर्धा, पाऊण चाले. हा फरक दाखवण्यापुरतेच ते विशेषण होते. १५८५ साली सायमन स्टेव्हिनने दशांश अपूर्णांकांचा पुरस्कार करणारी पुस्तिका काढली. पुढे दशांश रुळले, तेव्हा त्यांच्याहून वेगळेपण सांगायलाही हाच शब्द उपयोगी पडला.

१७व्या शतकापासून मात्र ‘व्हल्गर’चा अर्थ घसरू लागला. लोकांचे ते हलके, ही शिष्टांची समजूत शब्दावर चढली. ‘पॉप्युलर’ हा शब्दही ‘लोक’ या अर्थाच्या ‘पॉप्युलस’वरूनच आला, त्याच्या वाट्याला मात्र लोकप्रियता आली.

मराठीने ‘व्यवहारी अपूर्णांक’ म्हणून मूळ अर्थ जपला आहे. ही संज्ञा शिकवताना तो व्यवहार कोणाचा, हेही मुलांना अवश्य सांगावे.