वाट पाहण्याची मुदत

दिवाळीच्या आदल्या रात्री चकल्या तळणाऱ्या गृहिणीचे कान दाराकडे असतात. परंतु कढईतला घाणा काढण्याची वेळ ती चुकवीत नाही. मी लिहिलेला एक प्रोग्राम मात्र दूरच्या यंत्राच्या उत्तराची वाट पाहत रात्रभर बसून राहिला! किती वेळ थांबायचे, हे मी त्याला सांगितलेच नव्हते.

वास्तविक सोय हाताशी होती. १९८३ सालच्या बर्कलीच्या युनिक्समध्ये 'सिलेक्ट' आले होते. अनेक दारांवर एकदम कान ठेवावा, आणि कुणीच आले नाही तर ठरल्या मुदतीला जागे व्हावे, ही त्याची रीत. या मुदतीलाच टाइमआउट म्हणतात.

पण हजारो मुदतींचा हिशेब ठेवायचा कसा? १९८७ साली ऑस्टिनच्या परिषदेत टोनी लॉक आणि पवईच्या आय.आय.टी.त शिकलेले जॉर्ज वर्गीस यांनी घड्याळासारखी चाके सुचविली. शंभर दिवसांतल्या प्रत्येक सेकंदाला एक खण दिला, तर ८६,४०,००० खण लागतात. दिवस, तास, मिनिटे, सेकंद अशी चार चाके केली, की १००, २४, ६० आणि ६० मिळून २४४ पुरतात. लांबची मुदत दिवसांच्या चाकात ठेवावी. वेळ जवळ येईल तशी ती खालच्या चाकात उतरवावी. पुढे लिनक्सनेही अशी चाके स्वीकारली.

त्या रात्रीनंतर माझा एकही प्रोग्राम मुदतीवाचून थांबला नाही. घरी मात्र मुलगा दिवाळीला यायचा असला, की मी अजून तसाच जागत बसतो. तिथे मुदत घालणे काही मला जमलेले नाही.